प्रेत नंबर अकरा

शहाद्यात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान,
म्हणून फोन मलाच आला.
तापीकाठी पूर दाखवायचाय,
दीडशे माणसं लागतील,
आणि जरा सगळ्या प्रकारची बघा हं,
हल्ली लोक विचारतात.

मी वहीत रकाने आखले.
पागोटेवाले चार. बुरख्यातल्या दोन.
कोळी, गुजर, मिळतील तसे.
आदिवासी सहा, शक्यतो धनुष्यासकट.

जामसिंग पावरा म्हणाला, धनुष्य?
त्या रात्री माझ्या खांद्यावर बकरी होती,
आणि बायकोनं रेशनकार्ड दातांत धरलेलं.
बकरी चालेल का, मी फोन करून विचारलं.
नाही चालली.
शाळेच्या गॅदरिंगचं धनुष्य आणलं,
त्याचं भाडं दिवसाला चाळीस.

भाव असा ठरला:
बोलणाऱ्याला आठशे,
नुसतं पळणाऱ्याला तीनशे,
मेलेल्याला साडेतीनशे, कारण ओल्यात पडून राहायचं.
माझे डोक्यामागे वीस.
तेही लिहून ठेवलंय.

मे महिना. पात्रात वाळू.
पूर तीन टँकरमधून आला
आणि नगरपालिकेच्या बंबातून.
'कट' ऐकू आलं
की बाया पुरात हंडे बुडवायच्या.
सहायक ओरडायचा, कंटिन्युटी जाते!
हंडा भरल्याशिवाय कुणी हलत नव्हतं.

ठगूबाई सपकाळेला आठशेत घेतलं होतं.
खऱ्या पुरात तिनं डोंगा तीनदा नेला,
एकोणीस माणसं आणली,
विसावा तिचा दीर, तो राहिला.
तिला सांगितलं, फक्त ओरडायचं.
तालीम आहे, घाबरू नका.

ती ओरडली,
"पानी उनं वं माय, पानी उनं!
पोरेसले उचला!"

आणि गर्दी पळाली.
पागोटी, बुरखे, जामसिंग धनुष्य टाकून,
टँकरचा ड्रायव्हर सुद्धा.
म्हाताऱ्या टेकडीवर चढल्या त्या उतरेचनात.
त्यांचा कॅमेरा सुरू नव्हता.

दिग्दर्शक म्हणाला, फार सुंदर,
पण कळणार नाही कुणाला.
मग व्हॅनमधून ती मुलगी आली,
चेहरा दोन शेड उतरवलेला,
आणि म्हणाली, "अगं बया, पानी आलं गं!"
ही बोली कुठल्या गावची
ते मला अजून सापडलेलं नाही.

ठगूबाईनं हिशेब केला.
"मराना पन्नास जास्ती शेतस ना?
मंग मी मरस."
प्रेत नंबर अकरा.
हिरो डोंग्यातून तिच्या बाजूनं गेला,
गोरेपणावर काजळी,
गळ्यात कुठल्याच पाड्यावर न मिळणारी माळ.
प्रेतानं एक डोळा उघडला:
"वल्हं उलटं धरेल शे."
रीटेक.
दुसऱ्या वेळीही उलटंच होतं,
पण तोवर तिनं मरायचं नीट मनावर घेतलेलं.

सिनेमा आमच्या टॉकीजला चार दिवस चालला.
ठगूबाईच्या सुनेनं अंधारात बोट दाखवलं,
मावशी, तू! तू!
तीन सेकंद, तेही पाठमोरी.
शेवटी नावं धावली,
मेकअपवाले, जेवणवाले, कुत्रा सांभाळणारा,
आणि मग एका ओळीत
'समस्त ग्रामस्थ'.
ठगूबाईला वाचता येत नाही.
तिनं विचारलं, मना नाव गये का?
मी म्हणालो, हो, गेलं.

माझ्या हार्डडिस्कवर
एक हळद आणि एक साखरपुडा यांच्या मधे
एक्केचाळीस सेकंद आहेत.
माझा कॅमेरा सुरू होता, सवयीनं.
तिचा आवाज स्वच्छ आहे.
चित्र चौथ्या सेकंदाला हलतं,
मग आभाळ, कुणाची तरी चप्पल, वाळू, वाळू,
कारण मीही पळतोय.